दारातून न निघणारं टेबल

मी टेबल बोलतोय. जेवायचं नव्हे, लिहायचं नव्हे, कापड कापायचं. दचकू नका. इतकी वर्षं माझ्यावर कोपर टेकून अख्ख्या गल्लीनं गप्पा मारल्या आणि मी मुकाट ऐकल्या. आता जरा माझंही ऐका.

मी साडेसहा फूट लांब, चार फूट रुंद, तीन फूट उंच. खाली कापडाच्या गठ्ठ्यांसाठी जाड फळी, एका बाजूला दोन खण. मला घडवलं बाईंच्या वडिलांनी. बाई म्हणजे माझी मालकीण, गल्लीची टेलरबाई. लेकीनं सासरी शिवणकाम सुरू करायचं ठरवलं, तेव्हा तिचे सुतार वडील आठ दिवस ह्याच खोलीत लाकूड तासत बसले. माझ्या अंगात एकही खिळा नाही. सगळे सांधे एकमेकांत बसवून सरस लावून पक्के केलेले. खिळा मारणं म्हणजे सुतारानं हार मानणं, असं ते म्हणायचे.

नवव्या दिवशी पॉलिश करायला मला अंगणात न्यायचं ठरलं. चौघांनी उचललं, दारापाशी आणलं आणि तिथं घोडं अडलं. दार अडीच फुटांचं. मला आडवं केलं, उभं केलं, तिरकं केलं. मी काही निघेना.

"बाबा, दार मोजलं नाहीत?" बाई म्हणाल्या.

"तू टेबल सांगितलं होतंस. दाराचं कुठं बोललीस?" असं म्हणून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि मग स्वतःच इतके हसले की खालीच बसले. शेवटी पॉलिश खोलीतच झालं. आठवडाभर सगळं घर शिंकत होतं.

तेव्हापासून मी इथंच आहे, एकतीस वर्षं. माझ्या डाव्या कोपऱ्यावर इस्त्रीचा तिकोनी डाग आहे. फोन आला म्हणून बाई वळल्या, त्याची ती खूण. उजव्या कोपऱ्यावर त्यांच्या लेकीनं कर्कटकानं स्वतःचं नाव कोरलंय. ती आता लांब नोकरीला असते. आली की आधी त्या नावावरून बोट फिरवते, मग आईला भेटते.

माणसं मी पुष्कळ पाहिली. कंबरेला टेप लागला की सगळेच पोट आत ओढतात. बाई काही बोलत नाहीत. टेप तसाच धरून उभ्या राहतात, समोरच्याचा श्वास सुटला की मगच आकडा घेतात. आणखी एक त्यांची सवय म्हणजे शिवणीत आत जादा कापड ठेवायचं. "उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता आलं पाहिजे," म्हणतात. आणि तिसरी सवय तर कुठल्याच शिंप्याला नसते. भिंतीवरच्या पाटीवर तारीख लिहिली की कपडा त्या दिवशी तयार. हसू नका, खरंच सांगतोय!

आता मूळ गोष्टीवर येतो. घर बाईंच्या सासऱ्यांचं, त्यात दिराचा अर्धा वाटा. दिरानं तो मागितला आणि त्याचं काही चुकलंही नाही. पण दोन खोल्या नि एक स्वयंपाकघर वाटायचं तरी कसं? ओटा एकाचा आणि चूल दुसऱ्याची? म्हणून घर विकायचं ठरलं. घेतलं ते चौकातल्या चष्मेवाल्यांनी. गल्ली त्यांना ह्याच नावानं ओळखते.

व्यवहार ठरवताना दलालानं बाईंच्या नवऱ्याला विचारलं, "घरासोबत काय काय राहणार?" हे काका, म्हणजे निवृत्त ड्रायव्हर. बोलायचं थोडं आणि ते एका दमात. त्यांच्या डोळ्यांपुढं पाण्याची टाकी नि भिंतीतली कपाटं होती. म्हणाले, "जे दारातून बाहेर निघत नाही ते सगळं." दलालाला वाक्य आवडलं. त्यानं कागदावर तस्संच उतरवलं आणि सह्या झाल्या.

घरी आल्यावर बाईंनी कागद माझ्यावर पसरून वाचला. त्या एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"अहो, म्हणजे टेबलसुद्धा?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. बिचाऱ्यांचा चेहरा एवढासा झाला. माझ्या तर तोंडचं पाणीच पळालं, तोंड नसलं म्हणून काय झालं!

पुढचे पंधरा दिवस दोघांनी भाड्याच्या जागा पाहिल्या. एक तिसऱ्या मजल्यावर. दुसरीत शिवणयंत्र ठेवलं तर माणसानं बाहेर बसावं. तिसरी चांगली, पण इतकी लांब की तिथवर बाईंचं एकही गिऱ्हाईक आलं नसतं. इकडे काकांनी सामान खोक्यांत भरून दोरीनं आवळायला घेतलं. बावीस खोकी झाली आणि प्रत्येकावर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'सामान'.

घर सोडायला बारा दिवस उरले तेव्हा बाई माझ्या कडेला टेकल्या आणि म्हणाल्या, "आपण हेच घर त्यांच्याकडून भाड्यानं मागू या."

"आपलंच घर? भाड्यानं?" काका उडालेच. "लोक काय म्हणतील?"

"लोक भाडं भरणार आहेत का?"

काका चष्मेवाल्यांना निरोप द्यायला निघाले.

चष्मेवाले आले. मध्यम वय, किरकोळ बांधा, अंगात तयार घेतलेला कोट. चहा माझ्यावरच ठेवला. भाड्याचा आकडा चहा संपायच्या आत ठरला. त्यावर कुणाचं भांडण नव्हतं. भांडण पुढं निघालं.

"अकरा महिने," ते म्हणाले. "आणि शिवणकाम बंद. घर राहायला देतोय, धंद्याला नाही."

"शिवणकाम बंद केलं तर भाडं काय आकाशातून पाडू?"

"मग राहू दे, बाई. माझा आग्रह नाही." ते उठले.

बाईंच्या हातातून घर जात होतं, काम जात होतं आणि माझ्यामागे तर करवतच लागली होती. मला इथून काढायचं म्हणजे कापूनच काढायचं. कागदावर मी चष्मेवाल्यांचा झालेला, ते मला कशाला जपतील?

बाईंचं लक्ष मात्र भलतीकडेच. त्या कोटाकडे पाहत होत्या.

"साहेब, जरा उभे राहा. नाही, असे सरळ. तुमची डावी बाही अर्धा इंच खाली येते."

"तो कोटच तसा आहे."

"कोट चांगला आहे. तुमचा खांदा उतरता आहे. ह्या खांद्यावर वर्षानुवर्षं काही वाहिलंय?"

चष्मेवाले वरमले. "नमुन्यांची पेटी. दुकान नव्हतं तेव्हा दारोदार फिरायचो."

टेप खांद्यावर गेला. मापाला उभ्या राहिलेल्या माणसाला हाताची घडी घालता येत नाही आणि फोनही पाहता येत नाही. तो खरंच बोलायला लागतो, हे मी एकतीस वर्षं पाहतोय.

"घर तुम्हाला लागणार कधी, साहेब? खरं सांगा."

"लेकीचं डोळे तपासायचं शिक्षण अजून दोन वर्षं चालेल. मग हे दार तोडून, पुढची भिंत पाडून दुकान काढायचंय तिला."

"म्हणजे दोन वर्षं कुणीतरी भाडेकरू लागणारच."

"लागणार. पण भाडेकरू एकदा बसला की उठत नाही हो! तुमचं तर जुनं घर. तुम्ही तारखेला निघाला नाहीत तर मी लेकीला काय सांगू?"

असं होतं तर! माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता.

"मी दिलेली तारीख मोडत नाही," बाई म्हणाल्या.

"टेलरच्या तारखेवर विश्वास ठेवू?" चष्मेवाले खो खो हसले. काकासुद्धा हसले, मग बाईंची नजर पाहून खोकले.

"कोट काढून ठेवा. मंगळवारी चारला तयार. नसला तर आम्ही बाराव्या दिवशी चाललो. असला तर दोन वर्षं आणि शिवणकाम चालू."

चष्मेवाल्यांनी कोट काढला आणि बाईंनी पाटीवर लिहिलं.

सोमवारी सकाळी काम काढलं तर कात्री नाही. मोठी कात्री, कोटात घालायचा कॅनव्हास, सुयांचा डबा, सगळं खोक्यांत. कुठल्या? तर 'सामान' लिहिलेल्या! काकांना घाम फुटला. एकेक खोकं माझ्यावर चढवायचं, दोरी सोडायची, उपसायचं. चमचे निघाले, पुस्तकं निघाली, लग्नातला फोटो निघाला. अठराव्या खोक्यात कढईच्या आत कात्री सापडली तेव्हा दिवेलागण झाली होती. बाईंनी नवऱ्याला एका शब्दानं बोल लावला नाही, नुसतं म्हणाल्या, "आता दिवा धरा." काका चार तास दिवा धरून उभे.

मंगळवारी चारच्या ठोक्याला कोट इस्त्री करून माझ्यावर तयार होता. चष्मेवाल्यांचा पत्ता नाही. साडेचार झाले, पाच झाले. काका दाराशी येरझाऱ्या घालत होते. सव्वापाचला चष्मेवाले धापा टाकत आले.

"दुकानात गर्दी होती हो. उशीर झाला."

"मला नाही झाला," बाई म्हणाल्या आणि कोट पुढं केला.

त्यांनी तो चढवला, दोन्ही मनगटं शेजारी धरून पाहिली. बाह्या अगदी बरोबर. मग आरशात स्वतःला पाहत राहिले. "ह्या खांद्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं," म्हणाले आणि लगेच चष्मा पुसायला लागले.

करार माझ्यावरच लिहिला गेला. दोन वर्षं, शिवणकाम चालू. लेकीचं शिक्षण लांबलं तर मुदत वाढवायची, त्यासाठी बाईंनी खाली चार ओळी कोऱ्या ठेवायला लावल्या. शिवणीत जादा कापड ठेवतात ना, तशा. मग काकांनी घसा साफ केला.

"ते टेबलाचं... माझ्या तोंडून चुकून गेलं. जे दारातून निघत नाही ते तुमचं."

चष्मेवाल्यांनी मला खालीवर पाहिलं. माझे सांधे आखडले.

"पण दुकानासाठी दार तुम्ही तोडणारच ना?" बाई पटकन म्हणाल्या. "दार मोठं झालं की हे निघेल. मग ते तुमचं कसं?"

चष्मेवाल्यांनी हसता हसता स्वतःच्या हातानं ती ओळ खोडली. माझा जीव भांड्यात पडला. काकांचा आधीच पडला होता, ते खाली बसले होते.

संध्याकाळी बाईंनी उरलेली खोकी सोडली. 'सामान' लिहिलेले पुठ्ठे आता माझ्या खालच्या फळीवर कापडाखाली अंथरलेत. पाटीवर सगळ्यात वर एक तारीख आहे, दोन वर्षांनंतरची, खडूनं ठळक. त्या दिवशी वाईट वाटेल, नाही कशाला म्हणू? पण बाई तारीख पाळतील आणि मी त्यांच्यासोबत असेन, अख्खा.

मला घडवणाऱ्यानं दार मोजलं नव्हतं. आता दारच माझ्या मापाचं होणार आहे. एकतीस वर्षं मी ही गल्ली फक्त ऐकलीय, त्या दिवशी पाहीन. एवढीच विनंती आहे, वाटेत सायकली लावू नका आणि उचलायला चौघं तरी या. मी जड आहे.