देवीजवळचे पाय

तलावाच्या पाळीवरची, मासे धरणाऱ्या ढिवरांची देवी नव्या सिमेंटच्या देवळात जाणार, हे ठरलं. पुजारी कोण, तेवढं राहिलं होतं. आजवर दिवा लावायचा धनीराम. पण त्याचे हात आणि मान थरथरायला लागल्यापासून देऊळ समितीच्या भय्याजीला आपला पुतण्या मुन्नाच त्या जागी दिसत होता.

हलवण्याआधी देवीची नोंद करायला नागपूरहून मनाली नावाची पोरगी कॅमेरा घेऊन आली. देवीच्या कपाळावर ऊन, पाय अंधाऱ्या कोनाड्यात. "एका फोटोत दोन्ही नाही येत, काकू," ती धनीरामच्या बायकोला, जमुनाबाईला म्हणाली. "म्हणून काळपट ते लख्ख असे सात फोटो काढायचे आणि संगणकावर एकात मिसळायचे."

भय्याजीनं तिला बाजूला नेऊन काहीतरी विचारलं, आणि परत आला तो एकदम दिलदार होऊन. "धनीरामलेबी उभा करा. फोटोत देवीजवळ जो दिसंल, तोच पुजारी. देवळात टांगू फोटो!"

जमुनाबाईनं नवऱ्याला घासूनपुसून आंघोळ घातली, ठेवणीतलं धोतर नेसवलं. "थिर राहा जी. बगळा राहते ना पाण्यात, तसं."

धनीरामनं दात आवळले. कपाळावरून घाम निथळला, तो पुसायलाही हात उचलला नाही. कॅमेरा सात वेळा वाजला.

महिन्याभरानं फोटो आला. शेंदराखालची छिन्नीची रेघन् रेघ दिसत होती, कोनाड्यातलं कोळ्याचं जाळंसुद्धा. धनीराम नव्हता. देवीच्या डाव्या अंगाला नुसते दोन पाय उभे होते, वाकड्या अंगठ्यांचे.

"जे हलते ते संगणक पुसून टाकते," भय्याजी म्हणाला. "मी त्याच दिवशी विचारून ठेवलं होतं पोरीले."

"पाय तं माह्येच हायेत नं!" धनीरामचा चेहरा उजळला.

"मंग पायानं लावजो दिवा."

सगळे खदखदले. जमुनाबाईलाही फिस्सकन हसू आलं. मग तिनं पदर तोंडात कोंबला.

"फोटो खालून दोन बोटं काप, पाय नाही दिसले पाह्यजे," भय्याजीनं फ्रेमवाल्याला सांगितलं.

दुपारी धनीराम न जेवताच खाटेवर आडवा झाला आणि घोरायला लागला. जमुनाबाई माश्या हाकत बसली. झोपेत त्याचं थरथरणं थांबायचं, हे तिला कधीचं ठाऊक होतं. मान थिर, हात थिर. बोटावर बसलेली माशीही उडेना.

"आता बोलवा म्हणा त्या पोरीले," ती म्हणाली, आणि बोटावरची ती माशी तिनं हाकलीच नाही.