शाळेचा वाटा

मार्लिस कुबिक ओट्यावर पीठ मळत होती, तेवढ्यात नवरा चिखलाचे बूट न काढताच आत आला.

"ऐकलंस का? शेतजमिनीचं सरकारी मूल्यांकन खाली आणलंय. कर कमी होणार!" व्हर्नननं पिठाच्या हातांसकट तिला गरकन फिरवलं.

ती हसली खरी, पण जीव थाऱ्यावर राहीना. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या त्या गावाला चहूकडून मक्याची शेतं, आणि शाळा चालायची ती त्याच शेतांच्या करावर. शाळेच्या कराचा दर ठरवणाऱ्या पाच जणांच्या मंडळावर मार्लिस होती.

दुपारी मुख्याध्यापकांचा फोन आला. "मार्लिसबाई, आज संध्याकाळी मंडळानं कराचा दर वाढवला नाही, तर पश्चिम वस्तीची बस बंद करावी लागेल."

पश्चिम वस्ती म्हणजे मांसाच्या कारखान्यातल्या ग्वाटेमालाच्या कामगारांची चाकांवरची घरं. तिथून शाळेपर्यंत हमरस्ता, धान्याच्या ट्रकांनी गजबजलेला. मार्लिसला घरात बसवेना. ती गाडी काढून वस्तीवर गेली. कारखान्यात काम करणारी इर्मा त्सोक दाराशी कपडे वाळत घालत होती, पायाशी सहा वर्षांची लेक.

"बस गेली तर?" इर्मा म्हणाली. "बाई, आम्ही दोघंही पहाटेच कामावर जातो. पोरीला सोडणार कोण? या रस्त्यावर एकटीला नाही पाठवायची मी. राहील घरी."

इतक्या सहज म्हणाली, आणि पुढचा कपडा दोरीवर टाकला.

संध्याकाळी मंडळाच्या सभेला शाळेच्या व्यायामशाळेत गाव जमलं. पुढच्या रांगेत तिचा धाकटा भाऊ हार्लन, हाताची घडी घालून. वडिलांनी तिला दिलेली जमीन तोच कसायचा.

"आपली पोरं शिकली, मार्गी लागली," तो उठून म्हणाला. "आता त्या कारखान्यातल्यांच्या पोरांसाठी आपण का भरायचं?"

टाळ्या पडल्या. व्हर्नननंही वाजवल्या.

मंडळाचं मतदान सुरू झालं. दोन मतं दर वाढवायच्या बाजूची, दोन विरुद्ध. राहिलं मार्लिसचं. ती भावाकडे वळली.

"हार्लन, आपण शाळेत होतो तेव्हा आपल्या पप्पांची स्वतःची जमीन तरी होती का रे?"

"नव्हती, नंतर घेतली. त्याचं काय आता?"

"सगळ्यात मोठा जमीनदार होता म्हातारा योसेफ. ना बायको, ना पोर. तो कर भरायचा, आपण शिकायचो. त्यानं कधी विचारलं, ही कुणाची कार्टी म्हणून?"

"ताई, तेव्हा सगळे आपलेच लोक होते!"

"अस्सं. म्हणजे पैशाचं नव्हतंच हे."

तिनं हात वर केला. दर वाढला.

दाराशी हार्लननं तिला गाठलं. "यंदापासून तुझी जमीन तूच बघ."

घरी अंगणात गाडी थांबवून व्हर्नन म्हणाला, "भावाला भर सभेत उघडं पाडलंस. रविवारी चर्चमध्ये आपल्या शेजारी कोण बसेल?"

"तू बसशील?"

तो स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसून राहिला. मार्लिस उतरली. पण ती घरात गेली नाही. अंगणातला दिवा लावून सरळ गोठ्यामागच्या जुन्या ट्रॅक्टरकडे गेली. पेरणी तोंडावर आली होती आणि इंजिन चालतंय का, ते तिला आत्ताच बघायचं होतं.

वाचकहो, आपण ज्या बाकांवर बसून शिकलो, ते कुणाच्या पैशातून आले होते, हे आपल्यापैकी किती जणांनी कधी विचारलं?