भोपळ्याला सुरी कुणी लावायची?

खजरान्याच्या गणपतीला देवांशच्या सुखरूप प्रवासाचं साकडं घालून विनीता घरी आली आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. ओट्यावर अख्खा लाल भोपळा, त्यात अर्धीअधिक रुतलेली सुरी, आणि ती मुठीत धरून जोर लावणारी तिची लेक खुशी!

"अगं बाई! काय करतेयस हे?"

"दादासाठी पंपकिन ब्रेड! रेसिपीत अंडी होती, मी दही घालणार. साखरेच्या जागी गूळ, अर्धा मैदा, अर्धी कणीक. बस, हा कद्दूच कापल्या जात नाहीये यार."

"हात काढ आधी! अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी पुरुषाने लावायची असते. बाबा संध्याकाळी येणारच होते ना? अन् आजच, तो रस्त्यात असताना! भावाच्या जिवावर उठलीस का?"

अख्खा भोपळा म्हणजे घरचा थोरला मुलगा, बाईने तो चिरला की मुलावर संकट, असं आपल्याकडे कितीतरी घरांत मानतात. का मानतात, हे कुणी विचारत नाही. कॉलेजात शिकवणाऱ्या विनीतानेही कधी विचारलं नव्हतं.

देवांश पुण्याहून मित्राच्या गाडीने घरी यायला निघाला होता. धुळ्याहून फोन आला, त्यानंतर काही नाही. पुढे सेंधव्याचा घाट! विनीताने फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच. दर वेळी तिची नजर खुशीकडे वळायची, आणि पोर आणखीच आक्रसून जायची.

"आई, मला खरंच नव्हतं माहीत गं. दादाला काही होणार नाही ना?"

विनीता पुन्हा फोनच लावत राहिली.

तेवढ्यात शेजारच्या शैलजाकाकू ब्रेडचा साचा घेऊन आल्या. खुशीनेच मागितला होता. सगळं ऐकून त्या खुर्चीवर टेकल्या.

"विनीता, मी शाळेत असताना असाच भोपळा चिरला होता. त्याच आठवड्यात माझा मोठा भाऊ नर्मदेत बुडाला. पुरात पोहायला गेला होता, अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पण आई मरेपर्यंत माझ्या हातचं जेवली नाही."

"काकू, पण त्याचा फोन लागत नाहीये हो! जीव नुसता टांगणीला लागलाय माझा."

"लागणारच. आई आहेस तू. पण देव न करो, घाटात काही झालंच, तर या पोरीकडे जन्मभर कुठल्या नजरेने बघणार आहेस? ते आत्ताच ठरव!"

विनीताने मान वळवली. खुशी आपले हात ओढणीला पुसत होती, पुसतच होती. अरेरे! मुलाच्या काळजीत तिने मुलीलाच गुन्हेगार करून टाकलं होतं!

ती ओट्याशी गेली. खुशीचा हात तिने सुरीवर ठेवला, वर आपला ठेवला.

"नको आई! आधी दादाचा फोन येऊ दे."

"नाही बेटा. फोन येवो न येवो, तुझा दोष नाही. चुकले मी."

दोघींनी जोर लावला आणि भोपळा कडकन दुभंगला. मग फोडी वाफवल्या, घोटल्या, दही-गूळ फेटला, दालचिनी संपली होती म्हणून जायफळ किसलं. पीठ फार घट्ट झालं, तेव्हा काकूंनी थोडं दूध घालायला सांगितलं. विनीता मधूनमधून फोन लावतच होती. पण खुशीकडे तिने पुन्हा तसं पाहिलं नाही.

ब्रेड फुगून वर आला तेव्हा फोन वाजला. देवांशच्या मोबाइलची बॅटरी संपली होती, चार्जर पुण्यातच राहिला होता, आता मित्राच्या फोनवरून बोलत होता पठ्ठ्या!

"दादा, कुठे होतास रे!" म्हणत खुशी हमसून हमसून रडली. विनीताने तिला पोटाशी धरलं.

मंडळी, देवांश सुखरूप होता म्हणून ती रूढी खोटी ठरली, असं समजू नका. त्याचा फोन आला नसता तरी ती खोटीच होती! आईच्या मनात भीती येणारच, तिला इलाज नाही. पण आपली भीती लेकीच्या माथी मारायची नाही, एवढं तर आपल्या हातात आहे. तुमच्याही घरी अख्खा भोपळा येईल, तेव्हा मुलगी सुरी मागेल. तिला ती द्या, आणि बोटं सांभाळ, एवढंच सांगा.