कागदावरची झोप

मित्रांनो, मी एक जुनी घडीची खाट आहे. पण माझ्या पट्ट्या चाचपून पाहाल तर त्या अजून नव्यासारख्या ताठ लागतील. हे मी मिरवायला सांगत नाही. मला त्याचा राग आहे. नऊ वर्षे झाली मला, आणि त्यातल्या बहुतेक रात्री माझ्यावर कोणी झोपलेच नाही.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. एका वेल्डरने लोखंडी नळ्या वाकवून मला उभे केले. त्याच्या बायकोने नायलॉनच्या रुंद पट्ट्या ओढून ओढून विणल्या. मग तो स्वतः माझ्यावर आडवा झाला आणि म्हणाला, "हिच्यावर दमलेला माणूस पडला, की सकाळपर्यंत उठायचा नाही." माझे इतके कौतुक पुढे कितीतरी वर्षे कोणी केले नाही.

घरोघरी आजारी माणसे सांभाळायला बायका पाठवणाऱ्या एका एजन्सीने मला विकत घेतले. मालक सदा हसतमुख, बोलणे लोण्यासारखे मऊ. म्हणून बायका मागून त्यांना साखरतोंडे म्हणत. बायकांना मात्र सगळ्या घरांत एकच नाव, मावशी. मावशी म्हणायला पैसे पडत नाहीत. उलट वाचतात, कारण मावशीने तासांचा हिशोब मागायचा नसतो.

'चोवीस तासांची मावशी' जिथे जाईल तिथे टेम्पोतून मलाही पाठवत. मला वाटे, केवढी ही काळजी! पुढे कळले, मी सोय नव्हते, सबब होते. एजन्सीचा एक छापील कागद होता. दर महिन्याला त्यावर मावशीची सही घेत. त्यात लिहिलेले असे: 'रात्री दहा ते सकाळी सहा झोप. खाट पुरवली आहे.' या आठ तासांचा पगार नाही. म्हणजे माझे नाव पुढे करून बायकांच्या रात्री गिळल्या जात होत्या, आणि मी आपली कोपऱ्यात गप्प उभी.

शेवटी मी एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आले. तिथे एक आजोबा होते, निवृत्त बसड्रायव्हर. लकव्याने त्यांची डावी बाजू गेली होती. स्वतःहून कूस बदलता येत नव्हती. त्यांची मुलगी सकाळी आठला ऑफिसला जायची ती संध्याकाळी सातला परतायची. माझ्याबरोबर आलेली मावशी बुटकी, मनगटाने दणकट आणि स्वभावाने हट्टी. डॉक्टरांनी बजावले होते, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. मावशीने पट्टीने रेघा मारून तक्ता केला. वेळ, कूस, पाठ कशी आहे, सही. दहाला डावी, बाराला पाठ, दोनला उजवी, चारला पुन्हा डावी. महिना संपला की नवा तक्ता.

तुम्ही म्हणाल, दोन कुशींच्या मध्ये झोपायचे. कुठून झोपणार? कधी चादर भिजे, कधी आजोबांना ठसका लागे, कधी त्यांना नुसतीच भीती वाटे आणि हात धरून बसावे लागे. सुरुवातीला मावशी माझ्यावर पाठ टेकून पाही. टेकली न टेकली तोच हाक. मग तिने नाद सोडला. ती स्टुलावर बसे आणि माझ्यावर चादरी, पावडर, डायपरची पुडकी रचून ठेवी. खाटेचे कपाट झाले माझे.

दोन वर्षांत आजोबांच्या पाठीवर ओरखडासुद्धा उठला नाही. डॉक्टरांनी तोंडात बोट घातले. साखरतोंडे स्वतः येऊन तक्त्याचा फोटो काढून गेले आणि जाहिरातीच्या पत्रकावर छापून मोकळे झाले: 'रात्रभर दर दोन तासांनी कूस बदलणारी आमची सेवा.' आजोबांच्या मुलीच्या बिलात 'रात्रसेवा' नावाची रक्कम तर पहिल्या महिन्यापासून होतीच. मावशीला कौतुक म्हणून पत्रकाची एक प्रत मिळाली. फ्रेम करून लावा म्हणाले.

त्याच सुमारास तिच्या वहिनीचा फोन आला. मावशीची आई दुसऱ्या गावी भावाकडे अंथरुणाला खिळली होती. भाऊ आणि वहिनी दोघेही दिवसभर राबणारे. रात्री आईची कूस बदलायला कोणाला जाग येणार? पाठीला जखम झाली होती. एखादी बाई ठेवायची तर पैसे हवेत. फोन ठेवून मावशी माझ्यावरची पुडकी बाजूला सारून बसली आणि भर दुपारी ढसाढसा रडली. दुसऱ्याच्या बापाची पाठ राखताना तिच्या आईची पाठ सडत होती. मला लोखंडाची असूनही ते सोसवेना.

मग तिने डोळे पुसले, ते पत्रक काढले आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीला आजोबांपाशी बसवून रात्रीचा पगार मागायला गेली. काय झाले ते परतल्यावर तिने आजोबांना सांगितले, तेव्हा मला कळले. साखरतोंडेंनी चहा दिला. तुम्ही तर घरच्या, घरात कोणी तास मोजतं का, म्हणाले. खाट दिलीय की, असेही म्हणाले. तुमच्या जागेसाठी दहा जणी रांगेत आहेत, हेही हसत हसत सांगून झाले. मावशीने चहा तसाच ठेवला आणि तिथून सरळ कामगार कार्यालयात जाऊन तक्रार लिहून दिली.

आजोबांची मुलगी आधी कचरली. आपले बिल वाढेल ही तिची धास्ती. पण जुनी बिले काढून बसली आणि तिच्या लक्षात आले, की रात्रीचे पैसे ती दोन वर्षे भरतेच आहे. सुनावणीच्या दिवशी तिने रजा काढली, शेजारणीला पुन्हा आजोबांपाशी बसवले आणि मला टेम्पोत चढवायला स्वतः हात लावला.

कार्यालयातल्या अधिकारी बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. खाट कशाला आणलीत, म्हणून विचारले.

"बाई, यांच्या कागदात हिचीच साक्ष काढलीय," मावशी म्हणाली. "म्हटलं, साक्षीदार हजर करावा."

कारकून हसला. बाई हसल्या नाहीत. साखरतोंडेंनी चोवीस कागद मांडले, प्रत्येकावर मावशीची सही. मला वाटले, संपले आता सगळे. सह्या तुमच्याच का, बाईंनी विचारले.

"माझ्याच. सही केल्याशिवाय पगार निघत नाही. पण सही केली म्हणून झोप लागत नाही, बाई."

मग तिने माझ्यावर एकेक करून सगळे तक्ते पसरले आणि वर ते पत्रक ठेवले. मुलीने शेजारी बिले ठेवली. बाई बराच वेळ वाचत होत्या.

"रात्री दोन वाजता या झोपल्या होत्या, की कूस बदलत होत्या?" त्यांनी साखरतोंडेंना विचारले. "काय ते एक सांगा. झोपल्या होत्या, तर या घराकडून पैसे कसले घेतलेत? जाग्या होत्या, तर यांना का दिले नाहीत?"

साखरतोंडे सवयीने हसले. "अहो, मावशी आम्हाला घरच्यासारख्या..."

"घरच्यांच्या कामाचं बिल कोणी लावत नाही."

तेव्हा ते हसू पहिल्यांदा मावळलेले मी पाहिले. निकाल झाला: रात्रीचे सगळे तास कामाचे, ठरलेल्या तासांपुढच्या प्रत्येक तासाला जादा दर, मागचे सारे थकलेले पैसे द्यायचे, आणि कागदावरची ती छापील ओळ खोडायची. त्या आठवड्यात आणखी अकरा मावशा आपापले तक्ते घेऊन त्याच कार्यालयाच्या पायऱ्या चढल्या.

एजन्सीने मला परत घ्यायला नकार दिला. ही अवदसा आमच्या दारात नको, म्हणे! मावशीने मला आईकडे पोचवले. मिळालेल्या पैशांतून तिथे रात्रीसाठी आता एक बाई ठेवली आहे. पहिल्या दिवशी तिने भीतभीत विचारले, मध्येच जरा आडवी झाले तर चालेल ना, पैसे कापणार नाही ना? मावशी म्हणाली, "पड की खुशाल. रात्र इथे काढतेस ना? मग पैसे अख्ख्या रात्रीचे." आईची जखम आता भरत आली आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला पुसा, तेल द्या, उन्हापावसात टाकू नका. मी तसे काही मागत नाही. गंजायचे तर गंजेन. पण तुमच्या घरी कोणी मावशी रात्र काढत असेल, तर सकाळी तिला विचारा, काल झोप मिळाली का? नाही म्हणाली, तर नुसते अरेरे म्हणू नका. अरेरे घेऊन दुकानात गेले तर कोणी काही देत नाही. घरातल्या मोठ्यांना हाक मारा आणि तिच्या देखत विचारा, हिच्या रात्रीचे पैसे दिलेत का?