कॉलरचं भांडण

थोरलीने पायाशी पडलेली उशी उचलली आणि दाराच्या दिशेने भिरकावली. उशी दारापर्यंत पोचली नाही. पलंगापासून दोन हातांवर धप्पकन पडली.

"आई," दारात उभा असलेला मुलगा म्हणाला, "श्वास."

"घेतेय. तेवढंच तर चाललंय माझं."

"तसा नाही. बाईंनी शिकवलाय तसा. पोटातून."

"पोटातून? पोटातच तर ते मेलं ठाण मांडून बसलंय."

मुलगा हसला. हसण्याआधी क्षणभर थांबला आणि मग हसला. या घरात हल्ली सगळेच असे हसायचे, आधी ठरवून. पूर्वी हाच मुलगा दुकानातल्या कपड्यांच्या ढिगावर लोळून, पोट धरून हसायचा, तेव्हा त्याला आवरण्यासाठी ती पाण्याचा हबका मारायची. आता तो खाली वाकला, उशी उचलून झटकली आणि तिच्या पाठीशी नीट लावली.

"मी विचारलं, रिपोर्टात काय आलं," थोरली म्हणाली. "तू सांगतोस, आज हवा छान आहे."

"सांगितलं ना, चांगला आहे."

"चांगला आहे तर सलाईनं का बंद केली?"

"शरीराला जरा विश्रांती. डॉक्टरच म्हणाले. तू राग नको करून घेऊस, त्याने अजून थकवा येतो."

बाई म्हणजे रुग्णालयातल्या मनाच्या बाई. मऊ आवाजाच्या, मऊ चपलांच्या. आजार मोठा असला की मनालाही वळण लावावं लागतं, असं त्या सांगत. राग आला की त्याला नाव द्या, म्हणाल्या होत्या. थोरलीने लगेच सुनेचं नाव दिलं होतं, आणि सून शेजारीच बसलेली. राग हा पाहुणा समजा, येईल आणि जाईल, असंही बाई म्हणाल्या. "मग जेवूनच जा म्हणते त्याला," थोरली म्हणाली होती. बाई मनापासून हसल्या होत्या. वाईट नव्हत्या त्या. पण त्यांचं बोट धरून घरच्यांनी थोरलीच्या प्रत्येक रागाला श्वासाचं बूच बसवलं. चहा पांचट झालाय म्हटलं तरी श्वास. पंखा कुरकुरतो म्हटलं तरी श्वास. तिने आवाज चढवला की सून पदराला हात पुसत यायची आणि म्हणायची, "हो आई, तुमचंच बरोबर." ज्या सुनेने आल्या वर्षी भांड्यांच्या मांडणीवरून तिच्याशी तीन दिवस अबोला धरला होता, ती सून.

एकट्या धाकटीने तेवढी इमानदारी राखली होती.

धाकटी म्हणजे तिची जाऊ. दोघा भावांनी मिळून काढलेल्या लाँड्रीत दोघी जावांनी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभं राहून आयुष्य काढलं होतं. तेव्हा कोळशाची इस्त्री होती. निखारे फुंकताना डोळ्यांतून पाणी यायचं, आणि राख शर्टावर पडू नये म्हणून श्वास रोखून धरावा लागायचा. धाकटी लग्न होऊन आली, पहिल्यांदा टेबलाशी उभी राहिली आणि तिने शर्टाची बाही पुढे ओढली.

"आमच्याकडे कॉलर आधी करतात," थोरली म्हणाली होती.

"आमच्याकडे शेवटी."

"तुझं 'आमच्याकडे' आता हेच आहे."

नव्या नवरीने मान खाली घातली आणि बाहीच केली. तिथून जे सुरू झालं ते आजतागायत. ओली असतानाच कॉलर केली तर ती ताठ बसते, हे थोरलीचं म्हणणं. आधी केलेली कॉलर बाकीचा शर्ट फिरवताना मुडपते, हे धाकटीचं. दोघींचे नवरे आधी हसायचे, मग वैतागायचे, मग त्यांनी गिऱ्हाइकांचीच वाटणी करून टाकली. कोळसा गेला, वीज आली, वाफेची इस्त्री आली. भाऊ एकामागून एक गेले. भांडण तेवढं जागच्या जागी राहिलं.

एकदाच ते थांबलं होतं. धाकटीचा नवरा गेल्यावर ती पहिल्यांदा टेबलाशी आली, तेव्हा थोरलीने शर्ट तिच्या पुढे सरकवून म्हटलं होतं, "कर गं तुझ्या पद्धतीने. तीही काही वाईट नाही." धाकटी एवढे दिवस रडली नव्हती, ती तिथे रडली. "माझी कीव नका करू, जाऊबाई," म्हणाली. "काहीही करा, पण कीव नका करू." मग थोरलीने शर्ट परत ओढून घेतला होता आणि म्हटलं होतं, "बरं. अडाणी आहेस. कॉलर आधी." त्यानंतर दोघींपैकी कुणी पुन्हा ती चूक केली नव्हती.

थोरली आजारी पडल्यावर धाकटीने दुकानातलं टेबल तिच्या खोलीत आणून लावलं. रोज दुपारी कपड्यांचं गाठोडं घेऊन यायची आणि इस्त्री करता करता तोंड सोडायची. केस गळाले तेव्हा म्हणाली, "चला, जाऊबाई, तुमच्या तेलाचा खर्च वाचला." थोरली त्या दिवशी पोटभर जेवली होती.

पण रिपोर्ट आला तेव्हापासून धाकटी फिरकली नव्हती.

आज ती आली. बाहेरच्या खोलीत मुलाचं कुजबुजणं ऐकू आलं, "काकू, जरा जपून." मग गाठोडं छातीशी धरून धाकटी आत आली.

"आलीस? मला वाटलं, घर विसरलीस."

"गुडघा धरला होता."

"कुठला?"

"डावा," धाकटी म्हणाली आणि तिने उजव्या गुडघ्यावर हात ठेवला.

थोरलीने त्या हाताकडे पाहिलं. धाकटीने इस्त्री लावली, गाठोडं सोडलं. पांढऱ्या शर्टांचा ढीग. तिने वरचा शर्ट घेऊन झटकला, पाणी शिंपडलं.

"परवा तुझं गिऱ्हाईक ते वकील आले होते मला बघायला," थोरली म्हणाली. "तुझ्या हातचा शर्ट होता अंगात. कॉलर कशी, तर सुकलेलं पान."

तिने थांबून वाट पाहिली. एरवी एवढ्यावर धाकटीने तिचा मोतीबिंदू काढला असता, तिची आई काढली असती, वकिलांची मान वाकडी आहे असंही सांगितलं असतं.

"असेल," धाकटी म्हणाली.

"असेल? असेल म्हणजे काय?"

"म्हणजे झाली असेल एखादी खराब."

"एखादी! अगं, तू जन्मात एक कॉलर धड केली नाहीस. चल, घे. बाही ओढ आधी. दाखव तुझ्या माहेरची रीत."

धाकटीने बाही ओढली. तिच्यावरून तळवा फिरवला. इस्त्रीचा दिवा विझला, म्हणजे ती तापली होती. धाकटीने इस्त्री उचलली, आणि मग बाही सोडून दिली. कॉलर उलटी करून टेबलावर पसरली आणि टोकाकडून मधल्या भागाकडे इस्त्री नेली. सावकाश, थोरली नेते तशीच.

"तुमचंच बरोबर होतं, जाऊबाई," ती शर्टाकडे बघत म्हणाली. "ओली असतानाच करायला हवी. छान बसते."

वाफेचा आवाज आला आणि थांबला.

थोरलीने चादरीची कड बोटांत धरली. तिला एक सुरकुती दिसली होती. ती तिने अंगठ्याने सरळ केली, पुन्हा केली, आणि ती पुन्हा उमटली.

धाकटीच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग तिने घाईने वर पाहिलं.

"म्हणजे सुती शर्टाचं म्हणतेय मी. टेरिकॉटला माझीच रीत..."

"पुरे."

"नाही, खरंच, टेरिकॉटला..."

"दार लोट."

धाकटीने इस्त्री उभी केली, दार लोटलं आणि तिथेच उभी राहिली.

"तुला कधी सांगितलं त्याने?"

"रिपोर्ट आला त्याच दिवशी."

"आणि तू आली नाहीस."

"कुठल्या तोंडाने येणार होते?"

"होतं त्याच. बाकी सगळ्यांनी नवी आणली होती, तुझं तेवढं जुनं होतं."

धाकटी टेबलाशी परत आली.

"थंडी बघेन का मी?" थोरलीने विचारलं. गिऱ्हाइकाला कपडे कधी हवेत, हे विचारावं तशा आवाजात.

धाकटीने इस्त्रीची वायर सरळ केली. मग नकारार्थी मान हलवली. फार थोडी. दुसऱ्या कुणाला ती दिसलीही नसती.

"बरं," थोरली म्हणाली.

मग तिचा आवाज बदलला.

"एवढी वर्षं पोसलेलं भांडण गं. आणि तू ते असं भिकाऱ्याच्या वाडग्यात टाकावं तसं टाकलंस माझ्यापुढे. मी मेले नव्हते अजून. आणखी चार दिवस भांडली असतीस तर काय बिघडलं असतं तुझं?"

"मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल."

"सगळ्यांनाच तसं वाटतंय. मला बरं वाटावं म्हणून मला एकटीलाच बाहेर ठेवलंय, माझ्याच मरणाच्या बाहेर."

धाकटीने चेहऱ्यावर पदर घेतला.

"रडू नकोस. आवाज जाईल. मग तो येईल आत, मला कळलंय हे त्याला कळेल, आणि मग मला त्याची समजूत काढत बसावं लागेल. माझ्यात ताकद नाही. आधी त्याची, मग सुनेची, मग फोनवर लेकीची. नाही. त्यांना वाटू दे, मला काही माहीत नाही. तेवढीच सुटका."

"आणि मी?"

"तू काय? तू केलंस, तू निस्तर."

दाराच्या फटीखाली सावली येऊन थांबली. हल्ली ही खोली जरा शांत झाली की ती सावली यायची.

"आई?" मुलगा बाहेरून म्हणाला. "सगळं ठीक ना?"

थोरलीने धाकटीकडे पाहिलं आणि ओठांनीच म्हटलं, "भांड."

धाकटीने दाराकडे पाहिलं.

"भांड म्हणते ना."

"आधी कॉलर म्हणे," धाकटी म्हणाली. जेमतेम ऐकू येईल इतकंच.

"यापेक्षा मांजर बरं," थोरली पुटपुटली. मग तिने कोपरांवर जोर देऊन अंग वर उचललं आणि ओरडली, "काय म्हणालीस? पुन्हा म्हण!"

"आधी कॉलर करतात ते अडाणी, असं म्हणाले!" धाकटीने नाक पुसलं. "सगळा शर्ट फिरवा आणि कॉलरचं मुटकुळं करा! वकिलांची मानच वाकडी आहे, माझ्या कॉलरीला नावं ठेवतायत!"

"वकिलांची मान काढू नकोस! तुझ्या माहेरी शर्ट होते तरी का कुणाच्या अंगात?"

"होते! आणि ते घालून लोक माणसात जात होते, तुमच्यासारखं..."

बाहेर मुलगा हसला. न थांबता, आधी न ठरवता हसला. त्याची पावलं दारापासून दूर गेली आणि फोनवरचा त्याचा आवाज आला, "नाही गं ताई, रडतेस कशाला? मजेत आहे. ऐक, ऐकू येतंय? काकू आलीये. दोघी भांडतायत... हो, तेच, कॉलरचं. अगं, खूप बरी आहे आज."

थोरलीला तो ऐकू येत होता. तिने आवाज आणखी चढवला. मानेची शीर ताणली गेली, कपाळावर घाम आला, तरी तिने शब्द खाली पडू दिला नाही.

"शेवटी!" धाकटी ओरडत होती. "लिहून ठेवा, जाऊबाई! कॉलर शेवटी म्हणजे शेवटी!"

आणि ओरडता ओरडता तिने ढिगातला पुढचा शर्ट ओढला, पाणी शिंपडलं, बाह्या बाजूला सारल्या आणि सगळ्यात आधी कॉलर पसरून तिच्यावर इस्त्री ठेवली.