संतुलन माउस आणि पिशवीतला साबण

रविवारी सकाळी नवीन पनवेलमधल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दीडशे माणसं जमली होती आणि प्रत्येकाच्या हातात कॉम्प्युटरचा एकेक माउस होता. घरचा, जुना, बहुतेकांचा शेपटीसकट. निम्म्या लोकांच्या मनगटाला पट्टे होते. कोणी बँकेतलं, कोणी कंटेनर सोडवण्याच्या कचेऱ्यांत दिवसभर फॉर्म भरणारं. दाराशी एक निळा टब होता आणि त्यावर कागद चिकटवला होता : 'जुना माउस येथे विसर्जित करावा.' लोक रांगेने येत, माउस टबात सोडत आणि मागे वळून न पाहता खुर्चीवर जाऊन बसत.

मी तिथे टिंगल करायला गेलो होतो. चाळीस वर्षं विनोदी लिहिलं, त्यातली निम्मी बुवाबाजीवर. खिशात वही होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात वहीचा काही उपयोग झाला नाही.

स्टेजवर हरेशजी आले. भगवं काही नाही, माळ नाही, दाढी नाही. निळा शर्ट, कॉलरला माइक. पहिलंच वाक्य, "मी बाबा नाही. मी एक साधा संशोधक आहे."

मी निम्मा विरघळलो. आजवर ज्यांना झोडपलं ते सगळे आपण बाबा आहोत असं सांगायचे. नाही म्हणणारा हा पहिलाच, आणि त्याच्यासाठी माझ्याकडे हत्यार नव्हतं.

"मनगटावर आपण काय बांधतो?" हरेशजींनी विचारलं. "राखी बांधतो. गंडा बांधतो. घड्याळ बांधतो. का? कारण मनगट हा शरीराचा टोलनाका आहे. आणि तुमच्या माउसचे निगेटिव्ह तरंग रोज या नाक्यावरून फुकट आत शिरतात."

मागून कोणीतरी हुंकार दिला. बहुधा मीच.

"संतुलन माउस हे तरंग अडवतो. आत तांबं आहे, चुंबक आहे आणि एक खनिज आहे, ज्याचं नाव मी सांगू शकत नाही." गणपती आणि उंदराचा विनोद मी इथे टाळतो. तो त्यांनी दोनदा केला.

मग त्यांनी प्रयोगासाठी माणूस मागितला आणि माझा हात वर गेला. माझं उजवं मनगट तीन महिने ठणकत होतं. लोकांना मी सांगत होतो की आत्मचरित्र लिहितोय.

"उजवा हात आडवा पसरा. मी दाबतो, तुम्ही अडवा." त्यांनी दाबला आणि हात खाली आला. मग माझ्या डाव्या हातात संतुलन माउस दिला. "आता अडवा." त्यांनी दाबला. हात हलला नाही. पुन्हा दाबला. मी दीपस्तंभासारखा उभा.

मी माइक मागून घेतला. कोणी देत नव्हतं, तरी घेतला. "चाळीस वर्षं मी असल्या गोष्टींवर हसलो," मी म्हणालो. "आज हसू येत नाही."

टाळ्या पडल्या. कोणीतरी त्याची क्लिप केली. दुपारपर्यंत ती सगळ्या सेक्टरांत फिरली, संध्याकाळपर्यंत नेऱ्याच्या फार्महाउसवाल्यांकडून मला परत आली.

मी तिथेच एक संतुलन माउस विकत घेतला. त्याबरोबर एक छापील नियमावली होती. दर चाळीस मिनिटांनी पाच मिनिटं 'मौन' : माउस सोडायचा, हात मांडीवर ठेवायचा, डोळे मिटायचे. त्या वेळात माउस शोषलेले तरंग बाहेर टाकतो. मी इमानदारीने मौन पाळलं. आठ दिवसांत ठणका निम्म्यावर आला. खोटं सांगत नाही, खरंच आला.

आमच्या वरच्या मजल्यावर रंजिता राहते. तिचे वडील बळीराम उरणकडच्या मिठागरवाल्यांतले. मिठागरं गेली, ते पनवेलला आले. मुलगी कंटेनरची कागदपत्रं भरते, नऊ नऊ तास माउस फिरवत. एका दुपारी दोघं आमच्याकडे आली. मी दाखवला तोच माउस तिनेही घेतला होता आणि आभार मानायला ओल्या खोबऱ्याच्या करंज्या आणल्या होत्या.

त्या वेळी हेप्झिबा आपटेकर आमच्याकडे बसली होती. हेप्झिबा म्हणजे शशिकलाची, माझ्या बायकोची, मैत्रीण. बेने इस्रायली, मूळ आपट्याची, निवृत्त फिजिओथेरपिस्ट. तिची सगळी भावंडं इस्रायलला गेली. ती राहिली, कारण तिच्या मते सांधे इथे जास्त बिघडतात.

शशिकलाने रंजिताला चहा दिला. रंजिताने कप धरला आणि कप तिच्या हातातून सुटला. चहा फरशीवर, कपाचे तीन तुकडे.

"सॉरी काकू. हल्ली होतं असं."

"हल्ली म्हणजे कधीपासून?" हेप्झिबाने विचारलं.

"पाच-सहा महिने. पहाटे अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होतात. हात झटकला की येतात ताळ्यावर."

हेप्झिबाने तिचे दोन्ही तळवे शेजारी शेजारी धरले. "हा अंगठ्याखालचा उंचवटा बघ. डावीकडे भरलेला आहे, उजवीकडे बसलाय. मनगटात नस दाबली गेली की असं होतं. डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं. नसेची तपासणी सांगितली होती, तारीखही मिळाली होती. पण नवा माउस घेतल्यावर जरा बरं वाटलं." रंजिता माझ्याकडे बघून हसली. "मग रद्द केली."

"रद्द केलीस." हेप्झिबाने तिचा हात सोडला नाही. "हा स्नायू पूर्ण वाळला तर परत भरेलच, असं कोणी सांगू शकत नाही. मग कपच काय, शर्टाचं बटणही लागणार नाही. आणि बटण लागत नाही त्या हाताला नोकरी कोण देणार?"

बळीराम मध्ये बोलले. "बाई, तुमचा शिक्षण मोठा हाय. पन भाऊंनी आयुष्यभर एकाही बुवाला मानला नाय. त्यांनी याला मानला, म्हंजी त्याच्यात कायतरी हाय."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी करंजी खात होतो.

"अविनाश, तुझं मनगट कशाने बरं झालं?" हेप्झिबाने विचारलं.

"माउसने." मी नियमावली दाखवली. तिने ती वाचली, चष्मा काढला.

"दर चाळीस मिनिटांनी पाच मिनिटं हात मांडीवर. हे मी पेशंटना तीस वर्षं सांगत आले, एकाने ऐकलं नाही. तरंग म्हटल्यावर अख्खं पनवेल ऐकतंय." मग तिने चष्मा पुन्हा चढवला. "पण एक कळत नाही. तू लिहितोस ना? लिहिणाऱ्याचे दोन्ही हात कीबोर्डवर असतात. तुझा एकटा माउसचा हात कसा दुखतो?"

मी दुसरी करंजी उचलली. उत्तर शशिकलाने दिलं.

"लिहितात वीस मिनिटं," ती फरशी पुसता पुसता म्हणाली. "मग चार तास पत्ते लावतात. कॉम्प्युटरवर. एकट्याने."

माझं आत्मचरित्र तेव्हा दुसऱ्या पानावर होतं. आजही आहे.

मी बळीरामना म्हटलं, "माझं चुकलं असेल हो. पोरीला तपासणीला न्या." त्यांनी मान हलवली, पण ती पटल्याची मान नव्हती. मी बायकोच्या धाकाने बोलतोय, असं त्यांना वाटलं असावं. त्यातही थोडं तथ्य होतं.

रंजिता उठली. "काका, मी तारीख रद्द केली ती तुम्ही स्टेजवर बोललात म्हणून. आता चुकलं म्हणताय ते घरात, करंजी खाताना. बाबांना मी यावरून काय पटवू? चुकलं असेल तर स्टेजवर जाऊन सांगा."

एवढं बोलून ती गेली. मी तिसरी करंजी ठेवून दिली.

पुढच्या रविवारी हरेशजींचा पुन्हा कार्यक्रम होता आणि बाहेरच्या फ्लेक्सवर माझा फोटो होता : 'आज हसू येत नाही.' फोटोत मी चांगला दिसत होतो. हे सांगायची गरज नाही, पण पुढे येणार आहे.

तयारी हेप्झिबाने केली. शशिकलाने जुन्या ब्लाउजपीसच्या दोन अगदी सारख्या पिशव्या शिवल्या. एकीत संतुलन माउस, दुसरीत अंगाचा साबण. साबण माउसपेक्षा जरा जड भरला, म्हणून हेप्झिबाने एकदा त्याने आंघोळ केली. मग वजन जुळलं.

हॉल भरलेला होता, निळा टबही. बळीराम आणि रंजिता तिसऱ्या रांगेत. हरेशजींनी मला सन्मानाने वर बोलावलं आणि मी म्हणालो, "तोच प्रयोग करू. फक्त माउस पिशवीत राहील. कुठल्या पिशवीत, ते तुम्हालाही ठाऊक नसेल आणि मलाही."

हरेशजी हसले. "सर, ऊर्जेला पिशवी अडवत नाही."

"म्हणूनच म्हणतो."

फ्लेक्सवरच्या माणसाला नाही म्हणणं त्यांना अवघड गेलं. हेप्झिबा पडद्यामागे बसली, दर वेळी नाणं उडवून एक पिशवी निवडायची, शशिकला ती माझ्या डाव्या हातात द्यायची. हरेशजी उजवा हात दाबायचे आणि सांगायचे, संतुलन की असंतुलन. असं दहा वेळा. रंजिताने फळ्यावर डाव्या हाताने खुणा केल्या.

दहातले चार बरोबर आले. साबणाने माझा हात तीनदा अढळ ठेवला. खऱ्या माउसने तीनदा पाडला.

"साबणातही सूक्ष्म ऊर्जा असते," हरेशजी म्हणाले.

"मग आम्ही साबणच घेतो की," मागून एक बाई म्हणाली. "आंघोळ तरी होईल."

हेप्झिबा बाहेर आली आणि तिने बळीरामना वर बोलावलं. मिठागरात फावडं ओढून कमावलेला हात तो. त्यांनी तो आडवा पसरला. सत्तरीच्या हेप्झिबाने मनगटावर दोन बोटं ठेवून दाबलं आणि हात खाली आला. मग कोपराच्या वरच्या अंगाला तितक्याच जोराने दाबलं. हात जागचा हलला नाही.

बळीरामनी आपल्या हाताकडे पाहिलं. "हा तर फावड्याचा दांडा," ते हळूच म्हणाले. "टोकाला धरून उचलला तर जड. मधी धरला तर पोर पन उचलतं. यात माउस कुठं आला?"

"कुठेच नाही," हेप्झिबा म्हणाली. "पहिल्यांदा मनगटावर दाबायचं, माउस दिला की हात कोपराकडे सरकवायचा. आणि दुसऱ्या वेळी कधी दाबणार हे माणसाला कळलेलं असतं. तो आपणहून दात आवळून उभा राहतो."

कोणीतरी मागे माझी ती क्लिप पडद्यावर लावली. तीत सगळं होतं. पहिल्या खेपेला हरेशजींची बोटं माझ्या मनगटावर. दुसऱ्या खेपेला पार कोपरापाशी. लपवाछपवी काहीच नव्हती. ती क्लिप मी दोन आठवड्यांत किमान साठ वेळा पाहिली होती. साठही वेळा मी माझा चेहरा पाहिला.

हे मी माइकवरून सांगितलं. पत्त्यांचंही सांगितलं. बुवाबाजीवर वीस वर्षं लिहिलेला माणूस निळ्या शर्टाला फसला, कारण तो फक्त कपडे ओळखायला शिकला होता, असंही सांगितलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रंजिताने फक्त मान हलवली आणि फोन घेऊन बाहेर गेली.

मी माझा संतुलन माउस तिथेच उघडला. तांब्याचा एक वायसर आणि फ्रिजला आंब्याचं चित्र चिकटवतात तसलं चुंबक निघालं. खनिज सापडलं नाही. हरेशजीही सापडले नाहीत. त्यांना दुसरीकडे कार्यक्रम होता म्हणे. मग दीडशे माणसं टबाभोवती जमली आणि आपापला माउस शोधू लागली. शेपट्या एकमेकांत अडकलेल्या, आणि सगळेच काळे. काही जणांनी दुसऱ्याचा नेला, असं नंतर कळलं. तो चालतोय, दुखत नाही, असंही त्यातल्या एकाने कळवलं.

रंजिताला बुधवारची तारीख मिळाली. "बाबा येतायत सोबत," तिने जिन्यात सांगितलं. "तुम्ही नका येऊ काका. तिथे कोणी काही विकत असेल."

नस चांगलीच दबली होती. त्याच महिन्यात मनगटाची छोटी शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, उंचवटा हळूहळू भरेल असं वाटतं, पण आणखी सहा महिने काढले असते तर काही सांगता आलं नसतं. ते सहा महिने माझ्या नावावर लागले असते. बधिरपणा आला की आधी डॉक्टर, मग दुकान. हे वाक्य मी चाळीस वर्षांत कधी लिहिलं नाही, कारण त्यात विनोद नाही.

कामावर जाण्याआधी तिला नवा माउस हवा होता. हेप्झिबाने कागदावर चार ओळी लिहून दिल्या. माउस आपल्या हाताच्या मापाचा हवा. धरल्यावर तळवा पालथा न पडता हस्तांदोलनाला पुढे केल्यासारखा उभा राहिला तर बरं. मनगट सरळ राहिलं पाहिजे, कोपर अंगाजवळ. आणि दुकानदार आठ दिवसांनी परत घेणार असेल तरच घ्यायचा, कारण दुकानातल्या दोन मिनिटांत सगळेच माउस चांगले वाटतात. खाली एक ओळ जास्तीची होती : कितीही चांगला माउस घेतला तरी मध्ये मध्ये हात मांडीवर. तरंगांसाठी नाही, हातासाठी.

मी तिच्याबरोबर दुकानात गेलो, बोलायचं नाही या अटीवर. तिने सहा माउस हातात धरून पाहिले. दोन मोठे होते, एकात मनगट वळत होतं. ती प्रत्येक वेळी कागद बघत होती, डोळे मिटून परत धरत होती, आणि दुकानदार जांभया देत होता. शेवटी त्याने वरच्या कपाटातून एक चकचकीत डबा काढून माझ्यासमोर ठेवला.

"काका, हा बघा. जपानी टेक्नॉलॉजी. आतून कंपनं येतात, दुखणं खेचून घेतात. धरून तर बघा."

माझा हात आपोआप पुढे गेला होता.

"काका," रंजिता कागदावरून नजर न काढता म्हणाली, "बाहेर थांबा."

मी बाहेर थांबलो.