माझ्या डोक्यावर टोमॅटो उगवले

मी एक जुना फ्रीज आहे. गार करणे हा माझा धंदा. पण मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सगळ्यात मोठे काम माझ्या हातून उबेमुळे झाले. मलाही ते जरा विचित्रच वाटते, पण झाले ते झाले.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे आम्ही भावंडे रांगेत उभी असायचो, सगळी पांढरी, सगळी रिकामी, आणि प्रत्येकाला वाटायचे की जगाचे आपल्यावाचून अडले आहे. तिथून मी घड्याळवाल्या काकांच्या दोन खोल्यांच्या घरी आलो. काका घड्याळे दुरुस्त करतात. काकू काकांना दुरुस्त करतात.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. शेजारपाजारचे लोक मला बघायला आले. एका आजींनी विचारले, "दार लावल्यावर आतला दिवा खरंच विझतो का?" काकांनी ते बघायला माझे दारच उतरवले. दार नसल्यामुळे दिवा चालूच राहिला आणि शंका कायम राहिली.

काकांचा स्वभावच तसा. कुठलीही गोष्ट आत कशी चालते हे उघडून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. घड्याळांच्या बाबतीत हा गुण उपयोगी पडतो. बाकी ठिकाणी काकूंना निस्तरावे लागते.

वर्षे गेली. माझी मूठ तुटली, तिथे काकांनी मनगटी घड्याळाचा चामडी पट्टा बांधला. दाराचे रबर सैल झाले. गारवा बाहेर पळू लागला आणि तो भरून काढायला माझी मोटर दिवसभर धावू लागली. परगावी राहणारी त्यांची लेक फोनवर म्हणायची, "बाबा, तो फ्रीज आहे की पिठाची गिरणी?" मला ऐकू येते, हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

मग काकू न्हाणीघरात घसरून पडल्या. कमरेचे हाड मोडले. ऑपरेशन नीट झाले, जखम भरली, पण काकू पलंगावरून उठेनात. व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या. त्या स्वयंपाकघरात, माझ्या शेजारी उभ्या राहून काकांना हळूच म्हणाल्या, "पायात ताकद आहे हो. त्यांच्या मनातच नाहीये. आता चालल्या नाहीत, तर पुढे चालणं अवघड आहे."

आतून आवाज आला, "मला ऐकू येतंय. आणि चालून जायचंय कुठे?"

त्या दिवशी काका बराच वेळ गॅलरीत उभे राहिले. तिथे काकूंच्या कुंड्या रिकाम्या होत्या. दर वर्षी काकू स्वतःच्याच टोमॅटोचे बी धरायच्या. गर भांड्यात आंबवून, धुऊन, ताटलीवर सुकवून पुडी करायच्या आणि थंडी सरता सरता रोपे तयार करायच्या. पुडी माझ्या दाराच्या कप्प्यातच होती. रोपे आली तर ती बघायला तरी काकू उठतील, असा काकांनी विचार केला. मित्रांनो, विचार चांगला होता. माणूस चुकीचा होता.

पहिल्या खेपेला काकांनी बिया अंगठाभर खोल पुरल्या आणि वरून तांब्याभर पाणी ओतले. बिया कुजल्या.

"अहो, बी पेरलंत की विहीर खणलीत?" काकू आतून म्हणाल्या. "वर मातीचा पातळ थर पुरे. ओल हवी, चिखल नको."

दुसऱ्या खेपेला थर पातळ होता, ओल बेताची होती, सगळे शिस्तीत होते. फक्त रोज सकाळी काका डोळ्याला भिंग लावायचे, घड्याळाच्या चिमट्याने एकेक बी वर काढायचे, उलटसुलट बघायचे आणि परत ठेवायचे. एका बीला मोड फुटला होता. तो चिमट्यात तुटला.

काका पलंगापाशी जाऊन उभे राहिले. "अगं, एक चालू झालं होतं."

"मग?"

"मी उघडून बघितलं."

एरवी काकूंनी घर डोक्यावर घेतले असते. या वेळी त्या नुसत्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "राहू दे आता. नाही आली तर नाही आली." मला त्यांचे ओरडणे परवडले असते.

पुडीत उरलेल्या बिया एका नखावर मावतील एवढ्याच होत्या. काकांनी आइस्क्रीमच्या डब्याला बारीक स्क्रूड्रायव्हरने खाली भोके पाडली, भुसभुशीत माती भरली, बिया पेरल्या, वर हलकेच पाणी शिंपडले. ओल टिकावी म्हणून टेबलावरच्या एका मेलेल्या घड्याळाचा काचेचा घुमट त्यावर ठेवला. मग म्हणाले, "आता हे माझ्यापासून लपवायचं कुठे?"

भिंतीकडून आवाज आला, "तुमचा हात पोचणार नाही तिथे."

काका उंचीने बेताचे. घरात त्यांचा हात न पोचणारी जागा एकच. म्हणून ते स्टुलावर चढले आणि डबा माझ्या डोक्यावर ठेवून स्टूल शेजाऱ्यांकडे देऊन आले.

आता एक गुपित सांगतो. आम्ही फ्रीज आतली उष्णता पाठीवरच्या काळ्या जाळीतून बाहेर टाकतो. ती वर चढते आणि आमचा माथा कोमट राहतो. आमच्या धंद्यात हे लाजिरवाणे मानतात. पण बाहेर थंडी होती, आणि टोमॅटोच्या बीला नेमकी अशीच ऊब लागते. माझे रबर सैल होते म्हणून मोटर सतत चालू होती, आणि मोटर चालू होती म्हणून माथा कधी गार पडत नव्हता. मी आयुष्यात प्रथमच आवाज करायला लाजलो नाही.

तेवढ्यात लेकीने पाठवलेला मेकॅनिक आला. "रबर बदलून देतो काका, मोटरला जरा विश्रांती मिळेल. याला थोडा पुढे ओढू का?"

"हात लावायचा नाही त्याला!" आतून काकू गरजल्या. "त्याला विश्रांती द्यायची नाही!"

मेकॅनिक चहा पिऊन गेला. काका मात्र पलंगाच्या दिशेने बघत राहिले. भिंतीकडे वळलेले तोंड इकडे फिरले होते.

मग एका सकाळी काका स्टूल परत घेऊन आले. वर चढले. भिंग लावले. त्यांचा हात काचेपर्यंत आला आणि थांबला. घुमटाच्या आत, वाकवलेल्या टाचण्यांसारखे कोवळे देठ माती सारून बाहेर येत होते. काकांचा श्वास काचेवर उमटला, पण त्यांनी घुमट उचलला नाही. सावकाश खाली उतरले आणि मोठ्याने म्हणाले, "अगं, मातीवर काहीतरी पांढरं आलंय. बुरशी असावी. टाकून देऊ का?"

"थांबा!"

"वासही येतोय जरा."

"हात लावाल तर खबरदार! मी आले!"

मग मी वॉकरचा आवाज ऐकला. ठक, आणि घसरलेली पावले. ठक, आणि पुन्हा पावले. काका दाराशी उभे होते, मदतीला हात पुढे करत होते आणि मागे घेत होते. काकू माझ्यापर्यंत आल्या. त्यांनी माझा चामडी पट्टा घट्ट धरला आणि सगळा भार माझ्यावर टाकला. मित्रांनो, माझ्यात आजवर पुष्कळ काही ठेवले गेले, पण माझ्यावर कुणी असे विसंबले नव्हते. मी मोटर रोखून धरली, की निदान तेवढा वेळ थरथर नको.

काकांनी डबा खाली आणून त्यांच्यासमोर धरला.

"ही बुरशी?"

"मी घड्याळवाला माणूस. मला काय कळतंय."

काकूंनी त्यांच्याकडे बघितले. मग वॉकरकडे बघितले. मग स्वतःच्या पायांकडे. "लबाड," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा ओला होता. "आता घुमट काढा आणि खिडकीत उजेडात ठेवा, नाहीतर नुसती लांबच लांब वाढतील. आणि ती खुर्ची आणा इकडे. रोपं तुमच्या भरवशावर सोडून मी परत आत जाणार नाही."

ती खुर्ची आता खिडकीपाशी असते. काकू रोज तिथवर चालत येतात, आणि वाटेत एकदा माझ्यावर हात टेकवतात.

मित्रांनो, तुमच्या घरातही काहीतरी उगवायचे राहिले असेल. कुंडीतले असेल, किंवा पलंगावरचे. त्याला बेताची ओल द्या, ऊब द्या, आणि रोज चिमट्याने उकरून विचारू नका. नुसते जवळ उभे राहा. मी तेवढेच केले होते.

आणि माझे दार कृपया हळू लावा. आत पुढच्या वर्षीचे बी आहे.